वह्या वाढल्या

आमच्या दुकानात ‘संपलं’ म्हणायला बंदी आहे. चहाचा डबा उलटा करून ठोकला आणि चिमूटभर पूड पडली नाही, तरी म्हणायचं ‘पूड वाढली’. मीठ वाढतं, तेल वाढतं, आणि संध्याकाळी शटर ओढलं की दुकान वाढतं. असं सगळ्याच घरांत थोडंफार असतं, पण आमच्याकडं त्याचा कहर. सासरे म्हणायचे, व्यापाऱ्याच्या तोंडातून ‘संपलं’ निघालं की लक्ष्मी चपला शोधायला लागते. मी नवी नवरी असताना एकदा ‘निळी शाई संपली’ म्हणून ओरडले, तर त्यांनी त्या दिवशी देवापुढं दुसऱ्यांदा दिवा लावला. सासरे गेले, पण त्या चपला माझ्या मालकांच्या डोक्यात राहिल्या.

मालक म्हणजे माझा नवरा, जिनदत्त. सांगलीजवळ, कृष्णाकाठच्या आमच्या गावात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. मी शालन. अर्धा दिवस गल्ल्यावर मी असते, आणि गिऱ्हाइकं एकमेकांना सांगतात, वहिनी असल्या तर माल घ्यावा, घासाघीस करू नये. माझं डोकं म्हणजे उतू जायला टेकलेलं दूध, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मात्र खपत नाही.

आमची एकुलती एक लेक ब्राह्मी, याच दुकानात मोठी झाली. वह्यांच्या गठ्ठ्याला धरून ती पहिल्यांदा उभी राहिली. शब्द शिकली तेही दुकानातच. त्यामुळं वस्तू वाढली म्हणजे ती आता उरली नाही, एवढंच तिला माहीत. माणूस वाढतो, झाड वाढतं, ते वेगळं. दप्तरातली वही वाढली की पप्पांकडून दुसरी घ्यायची.

गेल्या मे महिन्यात विहार करत एक मुनी महाराज गावात आले. बेळगावकडचे. मराठी चांगलं, पण कानडी हेलाचं. सकाळी बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, मंडपात प्रवचन झालं आणि नंतर पोरांना नियम द्यायला बसले. आमच्या जैनांत हे लहानपणापासून असतं. कुणी महिनाभर चॉकलेट सोडतं, कुणी मोबाईल. घेताना हसत घ्यावा, पण एकदा घेतला की घेतला. मालकांचा दिवस मावळल्यावर न खाण्याचा नियम आहे. एकदा एसटी बंद पडून दिवसभर उपाशी राहिले, घरी पोचेपर्यंत अंधारलं होतं, तर पाण्याच्या घोटालासुद्धा शिवले नाहीत. मी चिडचिड चिडले, पण मनातून म्हटलं, बाई गं, हा माणूस साधा नाही.

तर ब्राह्मीचा नंबर आला. मला वाटलं, कुरकुरे सोडेल. तिनं हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “नमोस्तु महाराज. जुन्या वह्या वाढल्याशिवाय मी नवी वही घेणार नाही.”

सगळा मंडप हसायला लागला. महाराजांनी डोळे बारीक करून विचारलं, “वही वाढतंय?”

“व्हय महाराज. रोज लिहिलं की वाढते.”

महाराजांना तिचं गणित कळलं की नाही, देव जाणे. ते आवाज न करता हसले, हातातली मोरपिसांची पिंछी तिच्या डोक्यावर धरली आणि म्हणाले, “वाढू दे. जुनी वाढू दे.” पोरगी समाधानानं उठली आणि येऊन माझ्याशेजारी बसली.

घरी येताना विचारलं, “अगं बये, हे कुठनं सुचलं तुला?”

“शाळेच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी वह्या रद्दीत टाकल्या,” ती म्हणाली. “माझी परिसराची वही अर्धी कोरी होती आई. मी परत उचलून आणली.”

मालक पुढं चालत होते. त्यांची मान वळली नाही, पण चाल बदलली. बदलणारच. त्याच आठवड्यात गावातल्या इंग्रजी शाळेच्या, म्हणजे ब्राह्मीच्याच शाळेच्या, वह्यांचा माल आमच्याकडं उतरला होता. शाळेनं यंदा लोगो बदलला होता, निळ्या कव्हरच्या जागी मरून कव्हर आणलं होतं, आणि सगळ्या वर्गांचा सेट विकायचं काम पहिल्यांदाच मालकांना मिळालं होतं. मागची खोली छतापर्यंत भरलेली. गावातले आईबाप आत्तापासून कपाळाला हात लावत होते, की बूट नवे, दप्तर नवं, आता वह्याही नव्याच, मागच्या वर्षीच्या कोऱ्या उरल्यात त्यांचं लोणचं घालायचं का? आणि विकणाऱ्याच्या पोरीनंच भर मंडपात नवी वही सोडली.

दुपारी जेवताना मला राहवलं नाही. म्हटलं, “आवं, पण महाराजांनी आशीर्वाद कुठल्या वाढण्याला दिला? आपल्या दुकानातल्या, की लोकांच्या?”

मालकांनी ते खरंच मनावर घेतलं. लोकांच्या अर्थानं धरलं, तर जुन्या वह्या आपोआप जास्त व्हायला पाहिजेत. तसं कधी होतंय होय? म्हणजे पोरगी जन्मात नवी वही घेणार नाही! मी गंमत केली होती, पण ते ताट बाजूला सारून बस्तीतल्या पंडितांकडं गेले. पंडितांनी डोकं खाजवलं, ‘प्रश्न मोठा आहे’ म्हणाले, आणि चहा पाजून परत पाठवलं.

ब्राह्मी म्हणाली, “दोन्ही वाढूदेत की पप्पा.”

दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरून आपल्या सगळ्या जुन्या वह्या खाली ओढल्या आणि घराच्या पुढच्या सोप्यात मांडून बसली. मी ओरडायला म्हणून गेले आणि दारातच थांबले. वह्या अर्ध्या राहतात हे कुठल्या आईला ठाऊक नसतं? पण सगळ्या एकदम उघडून ठेवलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. भूगोलाची वही चार दिशा काढून थांबलेली. हिंदीच्या वहीत गावावरचा निबंध, आणि त्याच्यापुढं गावच नाही. चित्रकलेच्या वहीत एक आंबा, तोही न रंगवलेला. बाकी सगळं पांढरं. मी पंखा लावला तर ती पानं एकदम उठली, सोपाभर फडफडली, आणि खाली बसली. अगं आई गं! ह्यातल्या कितीतरी वह्या मीच, माझ्या हातानं, कागदात गुंडाळून घरी आणलेल्या.

“हे सगळं आपलं आहे?” मी विचारलं. मूर्खासारखा प्रश्न, पण तोंडातून तोच आला.

कोरी पानं काढून त्यांच्या वह्या शिवायचं ठरलं. दाभण माझ्याकडं होतं. पण सुती दोरा ओढला की पान टर्रकन फाटायचं. दोनचार पानं फाटल्यावर मी दाभण आपटलं आणि दोरा करणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. तेव्हा तानुबाई दारात उभी होती.

तानुबाई माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची धनगरीण. ऊस तुटून गेला की दरवर्षी तिची मेंढरं आमच्या रानात बसायला येतात आणि पावसाच्या तोंडाला परत माणात जातात. सोबत तिची नात अपेक्षा असते, ब्राह्मीच्याच वयाची. सुट्टीपुरती आजीकडं येते, जून लागला की गावाकडं शाळेला जाते. तानुबाई ताकाला आली होती. पानं बघून ताक विसरली.

“आवं वयनी, सूत कागदाला कापतंय,” ती म्हणाली. “थांबा वाईच. ह्ये लोकरीचं घ्या. ह्ये धरतंय, पर चावत न्हाई.”

तिनं कमरेच्या पिशवीतून काळ्या लोकरीचा गुंडा काढला. खरंच की! दोरा पानात शिरला आणि मऊपणानं बसला, एक पान फाटलं नाही. वहीच्या पाठीवर काळी जाड शिवण, आणि आत दहा वह्यांची पानं, कुठं दुरेघी, कुठं चौकटी, कुठं सपाट कोरी. मी ती हातात घेऊन उलटीपालटी करत राहिले. माझ्याच हातची वस्तू, पण मला खरी वाटेना.

अपेक्षा पानांवरून तळहात फिरवत होती, जपून, एखाद्या झोपलेल्या कोकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. “ह्ये समदं कोरं हाय?” तिनं विचारलं. “आन् ह्ये टाकून देत्यात?”

“आमी आता न्हाई टाकत,” ब्राह्मी म्हणाली.

तानुबाई मात्र खदाखदा हसली. “आवं, लोकर कातरली तर झुबकाबी आमी सोडत न्हाई. तुमच्या पोरांनी मेंढरू निम्मंच कातरलंय की वं!”

ते वाक्य गल्लीभर झालं. दुसऱ्या दिवसापासून पोरं यायला लागली, हातात आपापलं निम्मं कातरलेलं मेंढरू घेऊन. दादाच्या वह्या, ताईच्या वह्या, कॉलेजला गेलेल्या मामाच्या वह्या. एका बाईनं तर लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकीच्या आणल्या, आणि त्या देताना तिचे डोळे भरले. सोप्यात चालायला वाट राहिली नाही. सुटी पानं ब्राह्मी लावायची, मी शिवायची, अपेक्षा कडा जुळवायची, तानुबाई हातातली चाती फिरवत लोकरीचा दोरा कातायची. आणि काय सांगू, ढीग कमीच होईना! शिवलेल्या वह्या भिंतीला लावून ठेवत गेले, तर बघता बघता त्यांचा थर माझ्या कमरेला आला. ब्राह्मीनं काढलेल्या त्या थोड्याशा जुन्या वह्या. त्यांच्या एवढ्या झाल्या. एका संध्याकाळी मी त्या थरापुढं उभी राहिले आणि मला महाराजांचं ‘वाढू दे’ ऐकू आलं. मी देवभोळी नाही, तरी नकळत हात जोडले.

मेंढरं माणाकडं निघाली तेव्हा घोड्यावरच्या बोजात शिवलेल्या वह्यांचा एक गठ्ठा होता. अपेक्षानं तो स्वतः बांधला. कुणाला हात लावू दिला नाही.

आणि शाळा सुरू झाली.

पहिल्या दिवशी ब्राह्मी लोकरीच्या वह्या घेऊन गेली. संध्याकाळी आली आणि म्हणाली, “आई, व्हरांड्यात वारं छान येतं.”

“व्हरांड्यात काय करत होतीस?”

“बसले होते. मरून वही आणेपर्यंत बाहेर बसायचं म्हणाल्यात वर्गाच्या बाई.”

दूध उतू गेलं. मी तशीच तडक शाळेत. मुख्याध्यापिका विजयमाला बाई अजून होत्या. त्यांचा मुलगा धवल ब्राह्मीच्याच वर्गात, आमची चांगली ओळख. मी ओळखबिळख काही बघितली नाही, तोंडाला येईल ते बोलले. पोरीचा नियम आहे, महाराजांसमोर घेतलाय, पान पान शिवलंय आम्ही, तुमच्या मरून कव्हरला काय सोनं लागलंय?

बाईंनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, “शालनताई, एकीला सूट दिली तर उद्या सगळे तेच करतील.”

“करूदेत की!”

“मग तुमच्या मालकांनी सेट विकायचे कुणाला?”

छतापर्यंत भरलेली मागची खोली माझ्या डोळ्यांसमोर आली. बाई म्हणाल्या, “उद्या मी धवलचा सेट न्यायला दुकानात येणारच आहे. ब्राह्मीचाही तिथंच माझ्यासमोर द्या. नाहीतर दुसरी शाळा बघा. आणि सेटचं काम मग कुणाला द्यायचं, तेही मला बघावं लागेल.”

त्या दिवशी मालकांना दिवस मावळायच्या आत जेवण गेलं नाही, आणि मावळल्यावर तर प्रश्नच नव्हता. मला वाटलं, पोरीवर ओरडतील. ओरडले नाहीत. स्वतः आयुष्यभर नियम पाळलेला माणूस, लेकीला मोड म्हणणार कुठल्या तोंडानं? एवढंच म्हणाले, “ब्राह्मी, नवी वही नुसती दप्तरात ठेवलीस तर? लिहू नको त्यात.”

“पण पप्पा, न घेता ठेवू कशी?”

मी तिच्याकडं बघत राहिले. एवढीशी पोर, शाळा जाईल म्हणून मघाशी उशीत रडलेली मी ऐकली होती, आणि तरी तिचा आवाज हलला नव्हता. मला तिची भीती वाटली, खरं सांगते. आपल्या पोटची पोर आपल्यापेक्षा उंच झाली की वाटते तशी.

सकाळी दुकान उघडलं. ब्राह्मी शाळेच्या ड्रेसवर, तेलाच्या वेण्या, पाठीला दप्तर. शिवलेल्या वह्या घरात मावेनात म्हणून तिनं आदल्या दिवशी दुकानात आणून मरून गठ्ठ्यांशेजारी लावल्या होत्या. एवढ्यात विजयमाला बाई आल्या, धवलला घेऊन. मालकांनी नमस्कार केला. मालकांची नजर त्या दोन थरांवर गेली, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. मी त्यांना ओळखते. व्यापाऱ्याला वाट सापडली होती.

“वाढल्या!” ते जवळजवळ ओरडलेच. “अगं ब्राह्मी, जुन्या वह्या वाढल्या की! तू काय म्हणालीस महाराजांना? वाढल्याशिवाय नवी घेणार नाही. बघ, केवढ्या होत्या आणि केवढ्या झाल्या. महाराजांनी वाढू दे म्हटलं, वाढल्या. नियम पुरा झाला!”

बाईसुद्धा हसल्या. माझ्याही छातीवरचा दगड उतरला. शब्दाला शब्द बरोबर बसत होता, खोटं काहीच नव्हतं. शाळा राहील, काम राहील, नियमही राहील. मालकांनी मरून वही काढली, बाहीनं पुसली, आणि दोन्ही हातांनी लेकीपुढं धरली. “घे बाळ.”

ब्राह्मीनं वहीकडं बघितलं. सुंदर होती, नव्या कागदाचा वास मलाही येत होता. तिचा हात थोडा पुढं आलासुद्धा. मग तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

“वाढल्या, पप्पा,” ती म्हणाली. “पण संपल्या नाहीत.”

दुकानात तो शब्द. सासऱ्यांच्या फोटोखाली, सकाळच्या बोहनीच्या वेळेला. माझा हात आपोआप तोंडावर गेला. मालक वही धरून तसेच उभे. पोरीला आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द तिनं परत घेतला नाही. बाईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, “ठीक आहे. ब्राह्मीचं काय ते तुम्ही ठरवा. धवलचा सेट तेवढा द्या, शाळेला उशीर होतोय.”

मालकांनी हातातली वही परत ठेवली. धवलच्या वर्गाचा गठ्ठा काढायला वळले. गठ्ठ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. त्यांची पाठ माझ्याकडं होती. मग ते वळले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

“बाई,” त्यांनी विचारलं, “धवलच्या जुन्या संपल्या का?”

आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या मालकांच्या तोंडून, त्यांच्या बापाच्या दुकानात.

बाईंचा चेहरा आधी तांबडा झाला. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. पण धवल मध्येच म्हणाला, “माझ्या तर निम्म्यासुद्धा नाही झाल्या.” त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. मग काही न घेता त्याचा हात धरून निघून गेल्या. मालक खुर्चीवर बसले. म्हणाले, “गेलं काम.” मी म्हटलं, “जाऊदे.” आणि माझ्या रागीट तोंडातून त्या दिवशी दुसरं काहीच आलं नाही. मी त्यांच्यासाठी चहा टाकला.

ब्राह्मी दप्तर घेऊन शाळेत गेली. व्हरांड्यात बसायला.

दुपारी सुट्टीत धवल पळत दुकानात आला, हातात गच्च भरलेली पिशवी. आत त्याच्या जुन्या निळ्या वह्या. “मम्मीनं शिवायला दिल्यात,” तो धापा टाकत म्हणाला. “काळ्या दोऱ्यानंच शिवा म्हणाली. आणि काकू, ब्राह्मी आत बसलीय. माझ्याच बाकावर.”

मी त्याला खाऊ दिला की नाही, मला आठवत नाही. रडत होते एवढं आठवतं.

मरून गठ्ठे अजून मागच्या खोलीत आहेत. पुढच्या वर्षी लोगो बदलायचा नाही, एवढं बाईंनी कबूल केलंय. जसजशी कुणाची जुनी भरते, तसतशी एकेक नवी जाते. मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, “जुन्या संपल्या का?” काही चिडून पलीकडच्या दुकानात जातात, काही हसून घरी परत जातात आणि पिशवी घेऊन येतात. दिवाळीनंतर तानुबाई येईल, तिला लोकर जास्त आणायला सांगितलीय.

बाकी सगळं पहिल्यासारखंच आहे. चहाची पूड अजून वाढतेच. संध्याकाळी मालक शटरला हात घालतात आणि घरात हाक मारतात, “ब्राह्मी, ये गं, दुकान वाढवूया.”